गाडी मिसिंग मारतेय? आधी वही काढा, पाना नंतर



या पानावर नेहमी ऊस, हरभरा, ठिबक, हुमणी असंच काहीतरी असतं. आज जुन्या गाडीच्या इंजिनाबद्दल लिहितोय. "दादा, हे काय मधेच?" असं काही जण म्हणतील. पण शेवटपर्यंत वाचा, विषय शेतीचाच निघतोय.

आमच्या आबांनी १९९१ साली उसाच्या बिलातून एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, १९८६ चं मॉडेल. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. ही मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'डिलाइट' नावाने बनायची आणि १९७४ पासून तिचं नाव 'पद्मिनी' झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटरवर चालणारं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

आमची गाडी ११ वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली झाकून होती. कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार मांडला होता. दोन वर्षांपूर्वी आबा म्हणाले, "एकदा तिच्यातनं औदुंबरला जाऊन येऊ." आबांचं वय आता ८१. म्हणजे काम निवांत करायचं असलं तरी फार निवांत करून चालणार नव्हतं.

पत्रा, रंग, ब्रेक, वायरिंग ही कामं झाली. टाकी उतरवून धुतली, रबरी पाइप नवीन टाकले. इंजिन सुरू झालं त्या दिवशी आईने गाडीवरून नारळ ओवाळून फोडला. पण रस्त्यावर काढली की दोन-तीन किलोमीटरनंतर झटके. चढ आला की गुदमरायची. थांबलं, पाच मिनिटं गेली, की पुन्हा नीट. मग पुन्हा तेच.

माझी पहिली चूक

मी काय केलं असेल? आपण सगळे जे करतो तेच केलं. एका रविवारी बसलो आणि प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, प्लगच्या वायरी आणि कार्बोरेटरचा किट असं सगळं एकदम बदललं. साडेसहा हजार गेले. मनात म्हटलं, यातलं काहीतरी असणारच, लागूनच जाऊ दे.

चावी मारली तर गाडी आधीपेक्षा वाईट! आता जागेवरच थरथरायला लागली. कार्बोरेटरमधून फटफट, सायलेन्सरमधून फटाके. म्हशीने दावं तोडलं.

एक मिस्त्री बघायला आले. जुने जाणते आहेत, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. त्यांनी दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाले, "व्हॉल्व गेलेत. हेड उघडायला लागंल. उघडल्यावर बोरिंगचंही बघू." अंदाज ३५ हजारांचा. मीही मनाने तयार झालो होतो. नटांना तेल मारून ठेवलं होतं सकाळी हेड उघडायचं म्हणून.

रात्री झोप लागेना, आणि मला चार वर्षांपूर्वीचा ऊस आठवला.

तो ऊस

आडसाली लागण होती. सप्टेंबरात मधेच पट्ट्यापट्ट्याने पिवळी पडायला लागली. शेजारी म्हणाले, नत्र कमी पडलंय. युरिया टाकला. आठ दिवसांत फरक नाही. दुकानदार म्हणाले, लोह कमी आहे, फेरस सल्फेट मारा. मारलं. सोबत झिंक, सोबत एक टॉनिक, सोबत एक बुरशीनाशक, सगळं एकाच पंपात. पुढे पंधरा दिवस गेले. मग एक दिवस चिडून एक बेट हाताने ओढलं तर ते गाजरासारखं वर आलं. मुळ्याच नाहीत. खाली हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. २० गुंठे गेले.

त्या तीन आठवड्यांत मी एकदाही खाली वाकून बेट ओढून बघितलं नव्हतं. जे फुकटात, एका मिनिटात कळलं असतं, त्यासाठी मी चार बाटल्या आणि दोन पोती ओतली. आणि कोवळं पान आधी पिवळं पडलं की जुनं, हेही बघितलं नव्हतं. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. हे मला माहीत होतं. माहीत असून बघितलं नाही.

गाडीचंही मी तेच केलं होतं. पाच औषधं एका पंपात.

मग वही काढली

सकाळी हेड उघडलं नाही. ऊस-पाण्याच्या नोंदींची वही घेतली, मागचं पान उघडलं आणि तीन प्रश्न लिहिले. मूळ दुखणं काय होतं? नवीन दुखणं कधी सुरू झालं? त्या दोन्हींच्या मधे मी काय केलं?

उत्तर वाचून मलाच लाज वाटली. मूळ दुखणं म्हणजे तापल्यावर, लोडवर झटके. जागेवरची थरथर ही नवीन, मी पार्ट बदलले त्या दिवसापासूनची. म्हणजे ही थरथर मीच लावलेली असणार. एका झाडावर दोन रोग, त्यातला एक माझ्या हातचा.

त्यानंतर जे केलं ते क्रमाने लिहितो. कुठलंही जुनं पेट्रोल इंजिन असेल, जीप असो, राजदूत असो की लुना, क्रम साधारण हाच राहील.

१) इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. हातात रबरी मोजा आणि सुक्या मुठीचं पक्कड, कारण झटका जबर बसतो. काढलेली वायर बॉडीला टेकवून धरायची. जो सिलिंडर काम करतोय त्याची वायर काढली की इंजिन अजून बसतं. जो मुळातच मेलाय त्याची काढली तर काही फरक पडत नाही. आमच्यात १ आणि ४ काढल्यावर इंजिन बंद पडायला आलं. २ आणि ३ काढल्यावर ढिम्म फरक नाही. म्हणजे चारातले दोन बैल नुसते जुवाखाली चालत होते, ओढत नव्हते.

२) चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून पेट्रोल इंजिनला चालणारा गेज मागून आणला. सगळे प्लग काढले, कॉईलची वायर काढली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. चारही आकडे ११५ ते १२५ च्या आत. इथे नुसता आकडा महत्त्वाचा नाही, चारांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असता तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व किंवा हेडचं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन्ही सारखेच खाली असतील तर त्या दोघांच्या मधलं पॅकिंग गेलेलं असायची शक्यता जास्त. आमच्या चारांत फरक नव्हता. म्हणजे हेड उघडायचं कारणच नव्हतं. ३५ हजार त्या एका गेजने वाचवले.

३) दोन सिलिंडर धडधाकट आहेत, तरी काम करत नाहीत. मग ठिणगी चुकीच्या वेळेला पडत असणार. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून, कुणाला तरी इंजिन फिरवायला लावून, रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते बघितलं. आणि डोक्यावर हात मारला. मी वायरी उलट्या दिशेने मोजून लावल्या होत्या! १-३-४-२ उलटं मोजलं की १-२-४-३ होतं. १ आणि ४ आपल्या जागी बरोबर राहतात, २ आणि ३ ची अदलाबदल होते. ज्या वेळी ठिणगी पडते तेव्हा त्या सिलिंडरात दाबलेलं पेट्रोल नसतंच, व्हॉल्व उघडे असतात. म्हणून ती फटफट आणि ते फटाके.

दोन वायरी बदलल्या. खर्च शून्य. इंजिन शिलाई मशीनसारखं चालायला लागलं.

मूळ रोग तसाच

पण रस्त्यावर नेली तर तीन किलोमीटरवर झटका आलाच. या वेळी वाईट वाटलं नाही. कारण आता एकच दुखणं शिल्लक होतं आणि ते मूळचं होतं.

सगळे म्हणाले, "व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं टाक." जुन्या फियाटवाल्यांना हे फडकं माहीत आहे. टाकलं. फरक नाही. टाकीचं झाकण सैल करून बघितलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येत नाही. तिथेही फरक नाही. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. फरक पडला नाही ही पण नोंदच असते.

मग झटका आला त्या क्षणी चावी बंद करून गाडी कडेला घेतली आणि कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडलं. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल तळाला. म्हणजे ठिणगी ठीक आहे, पेट्रोलच पोचत नाही.

आता पुढचं काम ठिबकवाल्यांना लगेच कळेल. शेवटच्या ओळीला पाणी येत नसेल तर आपण अख्खं शेत उकरत नाही. फिल्टरजवळ दाब बघतो, मग सबमेनला, मग लॅटरलला. प्रत्येक वेळी अर्धी लाइन बाद करतो.

गार इंजिनावर, मोकळ्या जागेत, कॉईलची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडला आणि स्टार्टर मारला. बारीक धार, त्यात बुडबुडे. मग पंपाची ओढणारी बाजू टाकीच्या लाइनवरून काढून वेगळ्या डब्यातल्या पेट्रोलमध्ये सोडली. धार भरगच्च! म्हणजे पंप चांगला आहे. दोष पंपाच्या मागे. लोखंडी नळी सायकलच्या पंपाने फुंकली, मोकळी. उरला टाकीजवळचा वीतभर रबरी पाइप. तो मीच टाकला होता, दीड वर्षापूर्वी, नवा. बाहेरून एकदम चकाचक. ब्लेडने उभा चिरला तर आतला थर सुटून मऊ पडलेला आणि फुगलेला. हळू ओढलं तर पेट्रोल यायचं. पंपाने जोरात ओढलं की तो थर आत ओढला जाऊन पडद्यासारखा बसायचा. थांबलं की पुन्हा मोकळा.

वीतभर पाइप. पाऊणशे रुपये.

आता आपल्या उसाचा विषय

पाइप का गेला? स्वस्तातला होता हे एक. दुसरं कारण आपल्याच शेतातून येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०१३-१४ मध्ये ते दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के. नव्या गाड्यांचे पाइप, पॅकिंग एप्रिल २०२३ पासून त्या हिशेबाने बनवायला लागले. १९८६ च्या गाडीचे नाहीत. साधं जुन्या पद्धतीचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल टाकीतला जुना साचलेला चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. हवेतलं पाणी ओढतं, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि पाणी जास्त झालं तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं.

शिवाय कार्बोरेटरचा हिशेबच बदलतो. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे स्वतः सांभाळून घेतो. आमच्या कार्बोरेटरचं भोक ठरलेलं. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअप मरतो. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढराफट असेल तर पातळ, काळी काजळी असेल तर घट्ट, तेलकट ओला असेल तर ऑइल वर येतंय. आमचे पांढरे होते. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे टाकले. 'व्हायटॉन' म्हणून मागा. महाग आहे, पण मागा.

आता यावर माझं मत स्पष्ट सांगतो. मी ऊसवाला आहे. कारखान्याला इथेनॉलचे पैसे वेळेवर मिळाले की आपलं बिल वेळेवर येतं. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं तेव्हा आपण सगळ्यांनीच ओरड केली. त्यामुळे गाडी बिघडली की इथेनॉलला शिव्या घालणं मला शोभणार नाही. पण "काही होत नाही" म्हणून टाळी वाजवणंही शोभणार नाही. आपल्याच घरी पेट्रोलवर काय काय चालतं बघा. ब्रशकटर, फवारणीचा टू-स्ट्रोक पंप, पॉवर वीडर, जुनी मोटरसायकल. हंगाम संपला की पंप पेट्रोलसकट खुंटीला, आणि पुढच्या वर्षी "सुरूच होईना". त्यात मुलाला पाठवतो प्लग आणायला. दोष प्लगचा नसतोच.

पंपावर मिश्रणाचा आकडा ठळक लिहिलेला हवा. स्पेअर पार्टच्या दुकानात इथेनॉलला चालणारा पाइप कुठला, न चालणारा कुठला, हे पाइपवर छापलेलं हवं. आणि आपण मशीन ठेवताना टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मगच ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टींसाठी बोलायला पाहिजे, तिसरी आजच करता येते.

"एवढा वेळ कुणाला आहे?"

हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. पाऊस तोंडावर आहे, करपा दिसतोय, मजूर उद्या मिळणार नाहीत, अशा वेळी वही काढून बसायला कुणाला जमतं? काही रोगांत थांबणं म्हणजे पीक घालवणं, हेही मान्य. तिथे फवारा, मी अडवत नाही.

पण तेव्हाही दोन ओळी न फवारता सोडा. त्यालाच मी वायर काढून बघणं म्हणतो. फरक पडला तर कळेल औषधाने पडला. नाही पडला तर पुढच्या वेळी ते पैसे वाचतील. पाच औषधं एकत्र मारून रोग गेला तर कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पाचही विकत घ्यावी लागतात. आणि गेला नाही, वर पानं करपली, तर रोगाने की मिश्रणाने, हेही कळत नाही. माझ्या वायरींसारखं.

दुकानदाराला, मिस्त्रीला दोष देऊन उपयोग नाही. आपणच जाऊन विचारतो, "काय मारू?", "काय बदलू?" मग ते काहीतरी सांगणारच. "कसं तपासू?" असं आपण विचारतच नाही. कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळीही हे पान वाचतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे. शिफारशीच्या पत्रकात औषधाच्या मात्रेच्या वर एक ओळ तपासणीची छापा. 'पिवळेपणा दिसल्यास आधी बेट ओढून मुळं बघा' एवढी जरी ती ओळ असती तरी माझे २० गुंठे वाचले असते.

गाडीचा हिशेब वहीत असा आहे. अंदाजाने खर्च केलेले साडेसहा हजार. तपासून सापडलेल्या दोन दोषांपैकी एकाला शून्य, दुसऱ्याला पाऊणशे. व्हायटॉनचे पाइप, पडदा आणि जेट मिळून अजून अठराशे. काढलेले जुने पॉइंट, कॉईल, कंडेन्सर सगळे चांगले होते, डब्यात ठेवलेत.

एक सूचना राहिली. बंद शेडमध्ये इंजिन चालवून बघू नका, धुराने माणूस बसल्या जागी जातो. पेट्रोलचं काम करताना बॅटरीची तार काढता येत असेल तर काढा, आणि वाळूची बादली जवळ ठेवा. बिडीवाल्या पाहुण्यांना चहा अंगणात द्या.

गेल्या गुरुवारी औदुंबरला जाऊन आलो. आबा पुढच्या सीटवर, खिडकीची काच खाली, डोक्यावर टोपी घट्ट धरून. चढाला मी श्वास रोखून धरला होता. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "तिला काय झालं नाही आता. तू श्वास घे."

तुमच्याकडे असं काही घडलं असेल, म्हणजे चार गोष्टी बदलल्या आणि दोष पाचवीकडेच निघाला, गाडीत असो की वावरात, तर लिहा. तपासलं कसं ते आधी लिहा, बदललं काय ते नंतर.